उभी राहून खराब झालेली जीएमसी: आधी थांबवा, मग चालवा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे पुढचं सगळ्यांना कळेल. ओहायोत कोलंबसजवळच्या एका शेतावरच्या बार्नमध्ये नऊ वर्षं उभी असलेली १९७६ ची, २६ फुटी जीएमसी मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) तुम्ही आणि तुमच्या मेव्हण्यांनी मिळून घेतलीत. विकणारा म्हणतो, चालती गाडी उभी केली होती. ब्रेक दाबला की पेडल थेट खाली जातं. मागचा डावा कोपरा बसलाय. दारापाशी जमीन मऊ लागते आणि आत कुबट वास येतो. फ्रिज, फर्नेस, जनरेटर यांचं कुणालाच काही माहीत नाही. नवी बॅटरी लावून, कार्बोरेटरमध्ये ईथरचा स्प्रे मारून सेल्फ मारा, असं शेजाऱ्यांनी सुचवलंय. आणि पुढच्या जूनमध्ये घरच्या सगळ्यांना घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचा बेत आहे.

सेल्फ मारू नका. आज नाही आणि या आठवड्यातही नाही.

पळून पळून झिजलेली गाडी दुरुस्तीला सोपी असते, कारण ती बोलते. बेअरिंग घुमतं, चेन खडखडते, क्लच घसरतो. उभी राहून खराब झालेली गाडी गप्प असते. रबर, पेट्रोल, पाणी आणि उंदीर या चौघांनी नऊ वर्षांत आत काय करून ठेवलंय ते बाहेरून दिसत नाही, आणि इंजिन सुरू झालं की ते सगळं एकदम अंगावर येतं. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे: गाडी थांबली पाहिजे, मग ती पेट घेणार नाही याची खात्री, मग ती चालू होणं, आणि राहण्याच्या सोयी सगळ्यात शेवटी. हौशी मंडळी नेमकी उलट्या बाजूने येतात. पडदे, गाद्या, सिंक यांवर पहिले दोन हजार डॉलर उडवतात आणि ब्रेकच्या वेळी हात आखडता घेतात.

गाडी मात्र चांगली निवडलीत. जनरल मोटर्सनं ही मोटरहोम १९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत मिशिगनमधल्या पॉन्टियॅकला बनवली, साधारण तेरा हजारांच्या आत-बाहेर. इतर कंपन्या ट्रकच्या चासीवर खोकं बसवत असताना यांनी आपल्याच ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या कारचं इंजिन-गिअरबॉक्स घेऊन पुढच्या चाकांना ताकद दिली. मागे ड्राइव्ह शाफ्ट नाही, त्यामुळे जमीन खाली, आणि चढायला पायऱ्यांची चळत लागत नाही. पुण्यात आकुर्डीच्या मॅटाडोरवर ज्यांनी हात काळे केलेत त्यांना पुढच्या चाकांची गाडी नवी नाही. फक्त इथे साडेसात लिटरचं व्ही-८ आहे आणि वजन सव्वापाच-साडेपाच टन. दुसरी महत्त्वाची गोष्ट, बॉडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, वरचे पत्रे ॲल्युमिनियमचे आणि खालचे भाग फायबरग्लासचे. त्या काळातल्या बहुतेक मोटरहोमच्या भिंतींत लाकडी पट्ट्या असायच्या आणि पाणी शिरलं की भिंतच कुजायची. तुमची गाडी तशी असती तर टायटल (मालकीचा कागद) परत करा आणि पैसे बुडाले समजा, असंच सांगितलं असतं.

टायटलवरचा नंबर आणि गाडीवरच्या पाटीवरचा नंबर जुळतो का, ते आजच बघा. तो जुळत नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

आता टायर. बार्नमधून बाहेर काढायच्याही आधी टायर, कारण याबद्दल कुणी सांगत नाही आणि यात माणूस मरतो. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या रांगेतले शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. रबर कितीही काळंभोर आणि नक्षी कितीही नवी दिसली तरी दहा वर्षांवरचा टायर टाकून द्यायचा. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर गेल्या शतकातला. नवे घ्यायला जाल तेव्हा खरा पेच येतो. या गाडीला मूळ रिम साडेसोळा इंची होत्या आणि त्या मापाचे रस्त्यावर चालवण्याजोगे टायर आता जवळपास मिळत नाहीत. मग दुकानातला एखादा उत्साही पोरगा म्हणतो, सोळाचा बसवून देतो. बसतोही! हाताला चढल्यासारखा वाटतो. पण साडेसोळाच्या रिमचा काठ १५ अंशांच्या उताराचा असतो, सोळाच्या टायरची कड वेगळ्या उताराची. हवा भरताना कड जागेवर बसतच नाही, माणूस दाब वाढवत जातो आणि तार तुटून टायर फुटतो. अशा स्फोटांत हवा भरणारे गेलेले आहेत. म्हणून रिमवर ठोकलेलं माप स्वतः वाचा. साडेसोळा असेल तर सहाच्या सहा रिम बदलून सोळाच्या घ्या आणि त्यावर हलक्या ट्रकचे, भार पेलणारे टायर घाला. महाग पडतं. तरी पहिला मोठा खर्च हाच आणि त्यात काटछाट नाही.

गाडी घरी आणताना रस्त्यावरून ओढत आणू नका. खाली झुकणाऱ्या ट्रेलरवर चढवून आणा. चढवण्यापूर्वी मागच्या एअर बॅगमध्ये (स्प्रिंगचं काम करणाऱ्या रबरी पिशवीत) हवा हवी, नाहीतर शेपूट रॅम्पवर घासेल.

तर तो बसलेला डावा कोपरा. या गाडीला मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं आहेत आणि त्या दोन चाकांच्या दांड्यांच्या मध्ये एक आडवी रबरी एअर बॅग. छोटा कॉम्प्रेसर आणि उंची सांभाळणारे व्हॉल्व्ह तिच्यात हवा कमी-जास्त करतात. नऊ वर्षं उभी असलेली गाडी एका बाजूला बसणं हे ठरलेलंच. बॅग फाटली असेलच असं नाही. बऱ्याचदा नळी किंवा व्हॉल्व्ह गळतो. बॅगेपाशी साधा टायरसारखा व्हॉल्व्ह बसवून बाहेरून पंपानं हवा भरा, साबणाचं पाणी लावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. बॅग धरून राहिली तर दोष नळ्यांत. रबरावर घड्यांच्या जागी भेगा दिसल्या तर मात्र दोन्ही बाजूंच्या बॅगा नव्या घ्या, एकच नको. आणि हे ठळक लिहून ठेवा: एअर बॅगच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. बॅग फुटली की गाडी हळूहळू बसत नाही, पडते. चासीच्या पोलादी पट्टीखाली घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय कुणीही खाली सरकायचं नाही, मेव्हणे कितीही घाईत असले तरी. जॅक बॉडीच्या तळाला लावलात तर फायबरग्लास फुटेल, तेही सांगून ठेवतो.

ब्रेक. पेडल थेट खाली जातं म्हणजे तेल कुठेतरी गेलंय. पुढे डिस्क आहेत, मागच्या चारही चाकांना ड्रम. मागचे ड्रम काढा. निघत नसतील तर आधी ब्रेक शू आत घ्या, हातोडा नंतर. माझा अंदाज आहे की किमान एका व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओलावा असेल आणि शूच्या लायनिंगवर तेल. जुन्या चिकटवलेल्या लायनिंगकडे नीट बघा. बोटाच्या नखानं कड उचलली जाते का? जुना डिंक सुटतो आणि अख्खं लायनिंग ड्रममध्ये आडवं पडून चाक जाम होतं. यातलं मी काही दुरुस्त करत बसणार नाही. मास्टर सिलिंडर नवा, चारही व्हील सिलिंडर नवे, रबरी नळ्या सगळ्या नव्या. रबरी नळ्यांबद्दल एक गंमत आहे. बाहेरून ठणठणीत दिसणारी नळी आतून सुजते. ब्रेक लावताना पायाच्या जोरानं तेल पुढे जातं, पण सोडल्यावर परत येत नाही. चाक धरून राहतं, तापतं, आणि लोक कॅलिपर बदलत बसतात. लोखंडी पाइप चासीला जिथे क्लिपनं बांधलेत तिथे बोट फिरवा. गंज क्लिपच्या आत बसतो. बदलायचे झाले तर तांबे-निकेलचे घ्या, हातानं वळतात आणि गंजत नाहीत.

ब्रेकची हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा आणि जुनं तेल पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नऊ वर्षांत त्याचा रंग चहासारखा झालेला असेल. शेवटी बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणारा भाग) तपासा. इंजिन बंद असताना चार-पाच वेळा पेडल दाबायचं, मग दाबून धरायचं आणि इंजिन सुरू करायचं. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी गेलेली आहे. हे तपासायला इंजिन लागतं, हे खरं. म्हणून आता इंधन.

ही गाडी संपण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे आग, आणि आगीचं कारण बहुतेक वेळा इंधनाची रबरी नळी. पोटाखाली दोन टाक्या आहेत, प्रत्येकी साधारण २५ गॅलनच्या, आणि कोणत्या टाकीतून घ्यायचं ते ठरवणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. टाक्यांच्या डोक्यावर भरण्याच्या, हवेच्या आणि पुरवठ्याच्या नळ्यांचं जाळं आहे आणि ते टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही. या नळ्या बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आज अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (भारतात तर आता २० आहे) आणि जुनं रबर त्यात मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं. वरून नवीन नळीचा एक तुकडा जोडून भागणार नाही. पट्टे सोडून टाक्या उतरवा. जुनं पेट्रोल व्हार्निशसारखा वास मारेल. ते डब्यांत भरून तुमच्या काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या, लॉनमोवरमध्ये ओतू नका. टाकीच्या तळाशी गंज आहे का, शोषण्याच्या तोंडावरची जाळी शाबूत आहे का ते बघा. आणि एकूण एक नळी इथेनॉल सहन करणारी, ३०आर९ (30R9) असा छाप असलेली घाला. स्क्रूचे साधे क्लिप नळी कापतात. इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांचे गोल काठाचे क्लिप मिळतात, ते वापरा.

टाक्या खाली आहेत तोवर एक काम उरकून घ्या. मूळ पंप इंजिनवर बसलेला, यांत्रिक. लांबच्या टाकीतून शोषून आणताना उन्हाळ्यातल्या चढावर नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मान टाकते. टाकीजवळ विजेचा पंप बसवला की मागून ढकलणं सुरू होतं आणि हा त्रास बराच मिटतो. पण तो पंप ऑइल प्रेशरच्या स्विचमधूनच जोडा. अपघातात इंजिन बंद पडलं आणि पंप चालूच राहिला, तर तोच पंप आगीला तेल पुरवेल.

आता इंजिन. ओल्ड्समोबिलचं ४५५, म्हणजे तितके घन इंच. इतकी ताकद असलेलं आणि इतकं बिनतक्रार इंजिन त्या काळात फार नव्हतं. आत चढा, पुढच्या दोन सीटांमधला गालिचा उचला. खालचं झाकण काढलं की इंजिन समोर. आठही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे पातळ तेल सोडा आणि दोन दिवस जाऊ द्या. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) नटवर लांब दांडीचा पाना लावून हातानं फिरवा. हळू. एका जागी अडलं तर जोर लावायचा नाही, मागे घ्यायचं, आणखी तेल, आणखी एक दिवस. झडप चिकटलेली असली आणि सेल्फ मारला तर पुशरॉड (झडप हलवणारी दांडी) वाकतो. हातानं फिरवलं तर फक्त पाना थांबतो.

फिरायला लागलं की आणखी एक चाचणी, जिला एक पैसा लागत नाही. डिस्ट्रिब्युटर या इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे, म्हणजे तुमच्या झाकणाखालून हाताशी येतो. टोपी काढा. एकानं क्रँक हातानं एका दिशेला फिरवून थांबायचं, दुसऱ्यानं टोपीखालच्या फिरत्या रोटरवर नजर ठेवायची. आता क्रँक उलट फिरवा, अगदी सावकाश. रोटर हलायला लागेपर्यंत क्रँक किती फिरला? पाच-सहा अंश ठीक. दहा अंशांच्या पुढे गेला तर टायमिंग चेन (क्रँक आणि झडपा चालवणारा कॅम यांना जोडणारी साखळी) सैल आहे. त्या काळात आवाज कमी व्हावा म्हणून कॅमच्या चक्राला नायलॉनचे दात लावत. ते दात आता पन्नाशीचे आहेत. तुटले की तुकडे ऑइल पॅनमध्ये पडतात, तिथून ऑइल पंपाच्या जाळीवर, आणि मग इंजिन तेलाविना. चेन सैल निघाली तर पोलादी चक्रांचा जोड बसवा आणि पॅनही उघडून साफ करा. फक्त चेन बदलून पॅन तसाच ठेवणारे अर्धंच काम करतात.

मग नवीन ऑइल, नवीन फिल्टर. या इंजिनाच्या कॅमवर घासणाऱ्या सपाट टॅपेटना जस्तयुक्त ऑइल लागतं. आजच्या गाड्यांसाठीच्या ऑइलमध्ये ते कमी असतं, जुन्या इंजिनांसाठीचं वेगळं मिळतं. प्लग बाहेरच ठेवून सेल्फ मारा. (हो, आता मारा.) ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थोडं थोडं फिरवा, मध्ये सेल्फला गार होऊ द्या. त्यानंतर प्लग बसवा. गाडीच्या टाक्यांतून अजून पेट्रोल घेऊ नका. बोटीच्या इंजिनाला असते तशी छोटी टाकी ताज्या पेट्रोलसह बाहेर ठेवून तिच्यातून इंजिन चालवा. एकानं अग्निशामक हातात धरून उभं राहायचं. ईथर मात्र नाहीच. कोरड्या सिलिंडरमध्ये तो असा भडकतो की पिस्टनच्या रिंगा तुटतात, आणि त्यातून कळत काहीच नाही.

स्पार्क नसेल तर: १९७६ च्या गाडीत पॉइंट नाहीत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. त्याला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. मधल्या जुन्या जोडात दोन व्होल्ट गळले तरी ठिणगी नाही. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या पिकअप कॉइलच्या दोन बारीक वायरी व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर सतत हलतात आणि इन्सुलेशनच्या आतच तुटतात. बाहेरून धड, आतून तुटक्या. मीटर लावून त्या वायरी हलवून बघा.

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी काळा धूर आणि मिसिंग? कार्बोरेटर. या गाडीतल्या क्वाड्राजेट कार्बोरेटरला गॅरेजवाले शिव्या घालतात, पण तो बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. त्याचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) हलक्या प्लॅस्टिकचा असतो, तो वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, मग पातळी राखत नाही आणि पेट्रोल वर येतं. दुसरा रोग म्हणजे तळाच्या बुचांतून हळूहळू पाझरणं: गाडी चार दिवस उभी राहिली की वाटी रिकामी आणि सेल्फ मारून मारून बॅटरी संपते. किट, नवीन फ्लोट, बुचं बंद. आणि पेट्रोल शिरतं तिथला नट आवळताना जपून. कार्बोरेटर मऊ धातूचा आहे, आटे गेले की गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकतं.

कूलंटचे होज, पट्टे, थर्मोस्टॅट, हे सांगायला नको. एक विसरलं जातं: रेडिएटरच्या टाकीतच इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्स ऑइल गार करणाऱ्या नळ्या आहेत आणि त्यांना रबरी तुकडे जोडलेत. तो तुकडा हायवेवर फुटला तर ऑइल एका मिनिटात रस्त्यावर.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. तीन गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद चेनमधून पुढे देणारा, दणकट. तेल काढा, वासावरून जळलंय का कळेल. फिल्टर आणि तेल बदला; मशीन लावून धुऊन घेऊ नका. पांढरा धूर येतोय आणि गिअर उशिरा पडतायत असं झालं तर इंजिनाच्या रिंगांकडे धावू नका. गिअरबॉक्सच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून गिअर पडण्याची वेळ सांभाळणाऱ्या भागाचा) पडदा फाटलेला असतो आणि इंजिन त्याच नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढत असतं. नळी काढून बोट घाला, लाल तेल लागलं तर निदान झालं. सुटा भाग स्वस्त आहे.

पुढच्या चाकांची बेअरिंग मात्र या गाडीचा खरा नाजूक भाग. साडेपाच टनांच्या गाडीचं तोंड कारच्या मापाच्या बेअरिंगवर आहे. ती उघडून, साफ करून, ग्रीस भरून बसवायला प्रेस लागतो आणि हे काम येणारा माणूस लागतो. या एका कामासाठी जीएमसीवर काम करणारं गॅरेज शोधा. या गाडीच्या मालकांची मंडळं अमेरिकेत अजून जोरात आहेत, सुटे भागही नवे बनतात. विचारलंत तर लोक स्वतःहून मदतीला येतात.

आता आत चला. दारापाशी मऊ जमीन म्हणजे प्लायवूड कुजलंय, पण पाणी दारातूनच आलं असं समजू नका. पाणी वरून शिरतं आणि कुठे निघेल ते सांगता येत नाही. टोचा घ्या आणि सगळ्या जमिनीवर वीतभर अंतरानं टोचत जा: फ्रिजखाली, बाथरूमच्या कडेनं, मागच्या कोपऱ्यांत. टोचा सहज शिरला तिथे खडूनं खूण. संध्याकाळपर्यंत नकाशा तयार होईल. मग गळती शोधा. छतावरच्या एसीच्या खालची गॅस्केट, हवेची झाकणं, खिडक्यांच्या चौकटी, वरचे मार्कर दिवे, पुढची काच. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून होज मारायचा, खालून वर. वरून सुरुवात केलीत तर सगळीकडूनच पाणी येतंय असं वाटेल.

आणि सिलिकॉन नको. आधीच्या मालकानं नक्कीच भरलेलं असणार. त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, तो खरवडून काढायला दोन शनिवार जातात. चौकटींखाली ब्युटिल टेप, कडांना पॉलियुरेथेन सीलंट. जमिनीचं प्लायवूड छत कोरडं झाल्यावरच बदला. एक पाऊस जाऊ द्या आणि मग सुतारकामाला लागा.

कुबट वासातला अर्धा वास उंदरांचा असणार. त्यांच्या लेंड्या आणि घरटी कोरड्या झाडूनं झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. अमेरिकेत उंदरांतून हंटाव्हायरस पसरतो आणि तो धुळीबरोबर श्वासात जातो. ब्लीचचं पाणी फवारायचं, भिजू द्यायचं, मास्क आणि हातमोजे घालून पुसून उचलायचं. फर्नेसच्या पंख्यात आणि डॅशबोर्डच्या मागच्या वायरिंगमध्ये नक्की बघा.

वायरिंगचा एकच मंत्र: आधी अर्थिंग तपासा. एक दिवा लावला की दुसरा मंद होतो, इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा लुकलुकतो, हे सगळं खराब अर्थिंगचं. खालचे पॅनल फायबरग्लासचे असल्यामुळे दिव्याला बॉडीतून अर्थिंग मिळेलच असं नाही, त्याची स्वतःची वायर लागते आणि तिचं टोक गंजलेलं असतं. नवे फ्यूज आणायला धावण्याआधी हे.

घरच्या विजेबद्दल मात्र नीट ऐका. इथला आरव्हीचा (म्हणजे अशा राहायच्या गाड्यांचा) ३० ॲम्पचा सॉकेट १२० व्होल्टचा असतो. घरच्या इलेक्ट्रिशियननं तो कपडे वाळवायच्या मशीनचा समजून २४० व्होल्ट जोडल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि मग एसी, चार्जर, सगळं एका झटक्यात जातं. तुमच्या ड्राइव्हवेत असा सॉकेट बसवून घेतलात तर पहिल्यांदा प्लग घालण्याआधी मीटर लावा, इलेक्ट्रिशियन कितीही अनुभवी असला तरी. गाडीतला जुना गुरगुरणारा कन्व्हर्टर (घरच्या विजेवर बॅटरी भरणारा) काढूनच टाका. तो बॅटरी भरत नाही, उकळवतो.

गॅस. टाकी चासीला कायमची बसवलेली आहे, ती गॅस भरणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या. रेग्युलेटर आणि रबरी नळ्या नव्या, त्यात चर्चा नको. रेग्युलेटर नवा बसवला की दाब पाण्याच्या ११ इंचांवर लावून घ्या आणि सगळे जोड साबणाच्या पाण्यानं तपासा. फर्नेसचा आतला पत्रा तडकला असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट झोपायच्या जागेत येतो. पन्नास वर्षांची फर्नेस मी पेटवणार नाही. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर मुलं आत झोपण्याआधी बसलेले हवेत.

फ्रिजचं मागचं दार उघडा. पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर तो संपला, दुरुस्ती नाही. माझं मत विचाराल तर चांगला असला तरी काढा. तो फ्रिज गाडी सपाट उभी असेल तरच नीट चालतो आणि आत ज्योत पेटवतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला बसवा. मूळ फ्रिज ठेवला पाहिजे असं म्हणणारे शुद्धतावादी भेटतील. श्रीखंड त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून बघा म्हणावं.

पाण्याच्या पाइपांत ओहायोच्या थंडीत पाणी राहिलं असेल तर ते फुटलेले असणार. पाणी भरण्याआधी कमी दाबाची हवा सोडून ऐका. पाण्यानं शोधलेली गळती जमीन पुन्हा भिजवते. ओनान जनरेटर शेवटी. तो त्याच पेट्रोलवर चालतो, त्याचा कार्बोरेटर चिकटलेला असणार, आणि त्याच्याशिवाय गाडीचं काही अडत नाही. सांडपाण्याच्या टाकीजवळ एखादी नळी सायलेन्सरकडे गेलेली दिसली तर दचकू नका. त्या काळात काही गाड्यांना सांडपाणी गरम एक्झॉस्टमध्ये सोडून जाळण्याची सोय होती. कल्पना धाडसी होती. मागून येणाऱ्यांना काय वाटत असेल देव जाणे. काढा आणि तोंडं बंद करा.

राहिला यलोस्टोनचा प्रश्न. पुढच्या जूनला नाही. कोलंबसहून एका बाजूचंच अंतर दीड हजार मैलांहून जास्त आहे, शेवटचा भाग चढाचा, आणि गॅलनला आठ ते दहा मैल. वर लिहिलेली कामं हिवाळ्यात नेटानं केलीत तर मेमध्ये गाडी रस्त्यावर येईल. तेव्हा आधी घराभोवती पंधरा मैल फिरवा, थांबा, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं सहाही चाकांच्या मध्यभागाचं तापमान घ्या. मागची चार एकमेकांशी ताडून बघा, पुढची दोन एकमेकांशी. एखादं बाकीच्यांपेक्षा बरंच तापलेलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. खाली वाकून तेल, कूलंट, पेट्रोल ठिबकतंय का बघा. हे साफ निघालं की पन्नास मैल, मग एका रात्रीसाठी कोलंबसजवळचं हॉकिंग हिल्स. तिथे काही बिघडलंच तर मेव्हणे कार घेऊन तासा-दीड तासात पोचतात. यलोस्टोनकडच्या मोंटानात पोचणार नाहीत. ब्रेकचे ड्रम उघडलेत की आतल्या लायनिंगचे आणि रिमवरच्या मापाचे फोटो पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.